हेलकरी, हमाल, माथाडी

कोपरखैरणे स्टेशनबाहेर रिक्षात बसून ‘माथाडी हॉस्पिटल’ म्हटले की पुढे पत्ता सांगावा लागत नाही. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली भागात माथाडींच्या वसाहती आहेत, तुर्भ्याच्या बाजारात माथाडी भवन आहे आणि दर वर्षी २५ सप्टेंबरला माथाडी मेळावा भरतो. नवी मुंबईत हा शब्द इतका रोजचा झाला आहे की त्यात ‘माथा’ आहे, माणसाचे डोके आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मी स्वतः या शहरात पुष्कळ वर्षे काढली आणि हा शब्द बसच्या पाटीसारखा वाचत राहिलो. एकदा पहाटे भाजीपाला बाजारात गेलो, ट्रकच्या फाळक्याशी वाकून पाठीवर आणि डोक्यावर गोणी घेणाऱ्या माणसांची रांग पाहिली, तेव्हा तो नीट ऐकू आला.

ओझे वाहणाऱ्या माणसाला मराठीने किती नावे दिली, ती कुठून आली आणि त्यांपैकी एकाच नावाचे पुढे हॉस्पिटल, वसाहत आणि कायदा कसा झाला, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. व्यवसायांची नावे आपण जातीशी किंवा आडनावाशी जोडून पाहतो. कुंभार, सुतार, लोहार यांच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. ओझेवाल्याचा शब्द मात्र कोशाच्या एका ओळीत पडून राहिला. त्याला कुळी नाही, हत्यार नाही, कसब नाही, असे गृहीत धरले गेले असावे.

जुन्या शब्दांपासून सुरुवात करू. संस्कृतात सक्तीच्या, बिनमोबदल्याच्या कामाला ‘विष्टि’ म्हणत. तिची प्राकृतातून झाली ‘वेठ’. फारसीतून तशाच अर्थाचा ‘बिगार’ आला आणि मराठीने दोन्ही एकत्र बांधून ‘वेठबिगार’ केला. दोन भाषांत एकाच अन्यायाला शब्द होते आणि ते शेजारीशेजारी बसले. आज बांधकामावरचा ‘बिगारी’ रोजावर काम करतो, त्याला मजुरी मिळते, पण नाव अजून फुकटच्या कामाचेच आहे. ‘वेठीस धरणे’ तर आपण संपाच्या बातमीत रोज वाचतो.

ओझ्याचा अस्सल देशी शब्द आहे ‘हेल’. गवताची, लाकडाची, धान्याची एका खेपेत नेता येईल एवढी ओझ्याची मात्रा म्हणजे हेल, आणि ती वाहणारा ‘हेलकरी’. शेतकरी, वारकरी यांच्याच घडणीचा हा शब्द. हेलकऱ्याच्या डोक्यावर चुंबळ असायची. कापडाची किंवा गवताची ती गोल वळी आजही पाण्याचा हंडा उचलणाऱ्या बाईच्या डोक्यावर दिसते. हेलकरी आता बोलण्यातून जवळजवळ गेला आहे, पण माझ्या मते तो ‘हेलपाटा’ या शब्दात मागे उरला आहे. कचेरीत पाच-पाच खेपा घालून काम न झालेला माणूस ‘हेलपाटे घातले’ म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडी ओझेवाल्याची खेप असते, फक्त ओझे दिसत नाही.

असे अवशेष भाषेत इतरत्रही सापडतात. न पेलणाऱ्या खर्चाला किंवा वरचढ होणाऱ्या माणसाला आपण ‘डोईजड’ म्हणतो. मदतीला ‘हातभार’ म्हणतो. उचलणे एकट्याचे काम नाही हे त्या शब्दातच आहे. मंत्रिमंडळात ‘खांदेपालट’ झाला असे वृत्तपत्रे लिहितात. पालखी किंवा तिरडी वाहणारे खांदा बदलतात, त्या क्रियेचा हा शब्द थेट सत्तेच्या दालनात जाऊन बसला. भोई आणि हेलकरी यांना समाजाने कधी मानाची जागा दिली नाही, पण त्यांच्या अंगाच्या हालचाली मात्र भाषेने उचलून घेतल्या.

‘हमाल’ हा शब्द अरबी. ‘ह-म-ल’ या धातूचा अर्थ वाहणे, उचलणे. त्यापासून ‘हम्माल’, म्हणजे सतत ओझे वाहणे हाच ज्याचा धंदा तो. अरबीत धंदेवाल्यांची नावे बनवायचा एक ठरलेला साचा आहे, मधले अक्षर जोडून उच्चारायचे. ‘दल्लाल’, ‘सर्राफ’, ‘हज्जाम’, ‘बज्जाज’ हे सारे त्याच साच्यातून निघालेले. मराठीने सगळ्यांचे जोडाक्षर सैल केले आणि दलाल, सराफ, हजाम, बजाज, हमाल असे शब्द रुळवले. व्याकरणाच्या दृष्टीने दलाल, सराफ आणि हमाल सख्खे भाऊ आहेत. बाजारात मात्र एकाच्या हाती सौदा राहिला, दुसऱ्याच्या हाती सोने आणि तिसऱ्याच्या पाठीवर पोते. शब्दाची घडण कोणाला वर नेत नाही आणि खालीही ढकलत नाही, हे या तिघांकडे पाहून पटते.

त्याच धातूची बाकीची संतती पाहण्यासारखी आहे. ‘हमला’ त्यातलाच, शत्रूवर चालून जाणे म्हणजे स्वतःला त्याच्या अंगावर नेणे. उर्दूत गर्भाला ‘हमल’ आणि गर्भवतीला ‘हामिला’ म्हणतात, कारण ती ओझे वाहते. सोसण्याच्या शक्तीला ‘तहम्मुल’ म्हणतात. आईपण, आक्रमण आणि सहनशीलता यांच्या पंगतीला बसणारा हा शब्द पुढे तुर्कांबरोबर युरोपात गेला. रोमानियन, बल्गेरियन, सर्बियन आणि ग्रीक भाषांत तो थोड्या फरकाने आजही ओझेवाल्यासाठी आहे. इस्तंबूलच्या घाटावरचा हमाल आणि मशीद बंदरचा हमाल एकमेकांना भेटले असते, तर धंद्याचे नाव सांगायला त्यांना दुभाषा लागला नसता.

मुंबईत या शब्दाला आणखी वळणे मिळाली. इंग्रजी अमदानीत इथे पालखी वाहणारा तो हमाल होता. पुढे पालख्या गेल्या आणि साहेबांच्या व श्रीमंतांच्या बंगल्यांत झाडलोट करणारा, दिवे आणि सामान पुसणारा घरगडी हमाल ठरला. ओझ्याचा संबंध सुटला, नाव टिकले. सरकारी दप्तरात तर तो अजून आहे. राज्यातल्या जिल्हा न्यायालयांच्या भरतीच्या जाहिरातीत ‘शिपाई/हमाल’ असे पद असते आणि त्यासाठी पदवीधर मुले अर्ज भरतात. तिथे हमाल म्हणजे नोकरी, वेतनश्रेणी, सुट्ट्या. म्हणजे हमाल या एका शब्दात रस्त्यावरचा ओझेवाला, बंगल्यातला गडी आणि कोर्टातला कायम कर्मचारी असे तिघे राहतात.

आणि ‘हमाली’? ती शेतकऱ्याला विचारा. बाजार समितीत माल विकल्यावर त्याच्या हाती पट्टी पडते, त्यात हमाली, तोलाई अशा कपाती असतात. शेतकऱ्याला हमाली म्हणजे पैसे जाणे, हमालाला हमाली म्हणजे पैसे येणे. मध्यमवर्गाने तिचा तिसरा अर्थ केला. मुद्रिते तपासणारा, सूची करणारा, कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडणारा म्हणतो, ‘ही सगळी हमाली मी केली’. इथे हमाली म्हणजे कष्ट भरपूर, श्रेय शून्य. हा तिसरा अर्थ मला खटकतो. ज्याचे पोट हमालीवर आहे त्याला ती श्रेयाविना वाटत नाही. पोते जागेवर पोचले की काम पूर्ण झाले हे त्याला ठाऊक असते. कमीपणा त्या शब्दात नव्हता, तो आपण घातला. ‘मी काय हमाल आहे?’ असे घरात चिडून म्हणणाऱ्याने एकदा तुर्भ्याला जाऊन यावे.

‘कुली’ या शब्दाचे मूळ वादाचे आहे. एक मत असे की तो तमिळमधल्या ‘कूलि’पासून आला, कूलि म्हणजे मजुरी, रोज. दुसरे मत तो पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळी जमातीच्या नावाशी जोडते. कोळी-आगऱ्यांच्या गावांवर वसलेल्या नवी मुंबईत दुसरे मत ऐकायला जवळचे वाटेल. माझा कल तमिळकडे आहे. केरळात आजही ‘नोक्कुकूली’ हा शब्द चालतो. मालकाने स्वतः किंवा यंत्राने माल उतरवला तरी नुसते उभे राहून पाहिल्याबद्दल मागितलेली मजुरी, असा त्याचा अर्थ. केरळ सरकारने २०१८ मध्ये ती प्रथा बंद केल्याचे जाहीर केले. त्या शब्दात ‘कूली’ अजून मजुरीच आहे, माणूस नाही. मजुरीचे नाव माणसाला चिकटले ते बहुधा वसाहतवाल्यांच्या तोंडी, आणि मग ते जहाजातून मॉरिशस, नाताळ, त्रिनिदादपर्यंत गेले. मॉरिशसला गेलेल्या मजुरांत मराठी माणसेही होती. पोर्ट लुईसच्या ज्या धक्क्यावर हे सारे उतरले, त्याला ‘कुली घाट’ म्हणत. पुढे तिथल्या लोकांनी ते नाव टाकून ‘आप्रवासी घाट’ केले आणि २००६ मध्ये ते ठिकाण जागतिक वारसा यादीत आले.

आपल्याकडेही नाव बदलण्याचा प्रयोग झाला. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी स्थानकावरच्या कुलींना यापुढे ‘सहायक’ म्हणावे असे जाहीर केले. हेतू चांगला होता. पण फलाटावर कोणी ‘सहायक’ अशी हाक मारल्याचे मी तरी ऐकलेले नाही. लाल सदरा, दंडावरचा पितळी बिल्ला आणि दर खेपेला करावी लागणारी घासाघीस तशीच राहिली. त्यामुळे नवे नाव कागदावर राहिले.

आता माथाडी. संस्कृत ‘मस्तक’, प्राकृत ‘मत्थअ’, मराठी ‘माथा’ ही वाट सरळ आहे. प्रश्न पुढच्या ‘डी’चा. मराठीत ‘आडी’ लागून धंद्याचे नाव बनते, त्याची उदाहरणे थोडी पण ठसठशीत आहेत. नाव चालवणारा नावाडी. माप करणारा मापाडी. वाट दाखवणारा वाटाड्याही त्याच घरचा. माथाडी मी याच ओळीत बसवतो. पण एक फरक आहे आणि तो मला या सगळ्या शोधात सर्वांत महत्त्वाचा वाटला. नावाड्याजवळ नाव असते, मापाड्याजवळ माप, वाटाड्याला वाट ठाऊक असते. ज्या वस्तूवरून त्यांचे नाव पडले ती त्यांच्या अंगाबाहेर आहे. माथाडीच्या नावात त्याच्याच शरीराचा अवयव आहे. त्याचे साधन म्हणजे त्याचे डोके, मान आणि मणका. साधन झिजले तर बाजारातून दुसरे आणता येत नाही.

हे साधन किती पेलते? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने एका वेळी वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. आपल्या बाजारांत क्विंटलची पोती माणसांनी पाठीवर घेतलेली आहेत, आणि गोणी ५० किलोची असावी ही मागणी संघटनांना पुन्हा पुन्हा करावी लागली आहे. गोणी हा शब्दही जुना, पाणिनीच्या सूत्रांत तो आहे आणि इंग्रजांनी तागाच्या कापडाचे आपले नाव त्याच्यावरूनच घेतले. शब्द अडीच हजार वर्षांचा आणि त्याखालचा माणूस साठीच्या आत थकलेला.

माथाडी हा शब्द मुंबईच्या गोदीत, लोखंड बाजारात, भात बाजारात, मशीद बंदरच्या गोदामांत घडला. तिथे ओझे वाहायला साताऱ्याच्या पाटण-जावळीकडून, पुणे जिल्ह्याच्या जुन्नर-आंबेगावकडून माणसे येत. काम टोळीने चाले आणि टोळीवर मुकादम असे. मुकादम हाही अरबी शब्द, पुढे ठेवलेला अशा अर्थाचा. व्यापाऱ्याने मुकादमाला पैसे द्यायचे, मुकादमाने टोळीला. आज या पेढीचा माल, उद्या त्या पेढीचा. त्यामुळे एक विचित्र अडचण होती. कामगार कायद्यांना एक मालक लागतो. गिरणी कामगाराला गिरणी होती. माथाडीला रोज दहा मालक होते, म्हणजे कायद्याच्या नजरेत एकही नव्हता. भविष्यनिधी कोण भरणार, रजा कोणाकडे मागायची, मणका मोडला तर दवाखान्याचे कोण देणार, याला उत्तर नव्हते.

हे उत्तर शोधण्यासाठी लढणाऱ्या माणसाचे नाव अण्णासाहेब पाटील. २५ सप्टेंबर १९३३ चा जन्म, पाटण तालुक्यातले. १९६४ मध्ये त्यांनी महाराष्ट्र राज्य माथाडी ट्रान्सपोर्ट आणि जनरल कामगार युनियन उभी केली. युनियनच्या नावात त्यांनी हमाल घेतला नाही, माथाडी घेतला. पाच वर्षांनी, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ आला. गोदी कामगारांसाठी १९४८ च्या केंद्रीय कायद्याने मंडळाची जी रीत घालून दिली होती, तीच इथे बाजारासाठी वापरली गेली. मालकाने मंडळाकडे नोंद करायची, कामगारानेही करायची. मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्याने लेव्ही मंडळात भरायची. मंडळ कामगाराला पगार देणार आणि लेव्हीतून भविष्यनिधी, उपदान, बोनस, रजा, औषधपाणी पाहणार. दहा मालकांच्या जागी एक मंडळ उभे राहिले. देशात असा कायदा आधी कोणत्याही राज्याने केला नव्हता. केरळचा डोक्यावर ओझे वाहणाऱ्या कामगारांचा कायदा १९७८ चा.

त्या अधिनियमाच्या शीर्षकात माथाडी पहिला शब्द आहे आणि हमाल दुसरा. व्याख्यांच्या कलमात मात्र माथाडी म्हणजे कोण हे सांगितलेलेच नाही. तिथे व्याख्या आहे ती ‘असंरक्षित कामगारा’ची. अनुसूचीत कामे दिली आहेत: चढवणे, उतरवणे, थप्पी लावणे, वाहून नेणे, तोलणे, मापणे आणि त्यांच्या जोडीची कामे. तोलणारा डोक्यावर काही घेत नाही, तरी तो या कायद्याखाली आला. धान्य झाडून-पाखडून साफ करणाऱ्या बायका आल्या. संघटनेच्या पत्रकांत माथाडी, मापाडी, धान्य साफ करणाऱ्या पालावाल महिला अशी नावे एका दमात येतात आणि त्या सर्वांना मिळून जग ‘माथाडी’ म्हणते. १९६९ पर्यंत हा शब्द शरीराचा होता. त्यानंतर तो नोंदवहीचा झाला.

व्याकरणानेही हा बदल टिपला आहे. आपण ‘नावाड्याने नाव लावली’ म्हणतो, पण ‘माथाड्याने पोते उचलले’ असे आता क्वचित ऐकू येते. ‘माथाडी कामगाराने’ असे म्हणतात. नाम होते ते विशेषणासारखे वागू लागले: माथाडी कायदा, माथाडी मंडळ, माथाडी नेते, माथाडी पतपेढी, माथाडी वसाहत. लोकांनी हे ठरवून केले नाही. शब्दाचा अर्थ ‘डोक्यावर वाहणारा’ यावरून ‘त्या कायद्याखालचा’ असा सरकला आणि रूपे आपोआप त्याच्यामागे गेली.

मग हा शब्द खाडी ओलांडून नवी मुंबईत आला. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ ची. शहरातले घाऊक बाजार बाहेर काढायचे ठरले आणि कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ मध्ये वाशीला हलला. तेव्हा इथे रेल्वे नव्हती. मानखुर्द-वाशी लोकल १९९२ मध्ये सुरू झाली. म्हणजे ११ वर्षे ही माणसे खाडीपुलावरून बसने, ट्रकने ये-जा करत राहिली. मसाला आणि धान्याचा बाजार नव्वदीच्या सुरुवातीला आला, भाजीपाला आणि फळे १९९६ मध्ये. अण्णासाहेबांनी यातले फार थोडे पाहिले. २२ मार्च १९८२ ला त्यांनी मराठा आरक्षणासाठी मुंबईत मोर्चा नेला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचे आयुष्य संपवले. बाजाराच्या मागोमाग घरे आली. गावच्या माणसांनी भरलेल्या खोलीत आळीपाळीने झोपणारा कामगार कोपरखैरण्यात, घणसोलीत बायकामुले घेऊन राहू लागला. त्याची मुले इंजिनिअर झाली, बँकेत लागली, दुकाने काढली. पत्त्यात ‘माथाडी’ लिहायला त्यांना लाज वाटत नाही. ओझे वाहण्याच्या धंद्याचा शब्द पुढच्या पिढीने न लपवता पत्त्यात लिहावा, याचे दुसरे उदाहरण मला मराठीत आठवत नाही.

पुण्याची वाट वेगळी होती. तिथे डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात संघटना बांधली आणि तिचे नाव ठेवले हमाल पंचायत. शब्द जुनाच, ज्याला लोक हिणवत तोच. पुढे १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ हा स्वस्त जेवणाचा उपक्रम सुरू झाला, तो आजही पुणेकरांना ठाऊक आहे. हमाल संघटनांच्या राज्यभरच्या महामंडळाच्या नावातही हमाल आणि मापाडी आहेत. मुंबईने नवा शब्द पुढे केला, पुण्याने जुन्याला ताठ उभे केले. दोन्ही ठिकाणी शब्दाला मान मिळाला आणि दोन्ही ठिकाणी तो हक्कांच्या मागून आला. ‘सहायक’ला जे जमले नाही ते ‘हमाल’ला का जमले, याचे कारण इथे दिसते.

या शब्दाची दुसरी बाजू सांगितली नाही तर आढावा अप्रामाणिक होईल. चाकण-तळेगावच्या औद्योगिक पट्ट्यात काही उद्योजकांच्या तोंडी ‘माथाडी’ हा भीतीचा शब्द आहे. संघटनेचे नाव लावून कोणी येतो, काम न करता पैसे मागतो, ट्रक अडवतो. खंडणीच्या तक्रारी होतात, गुन्हे नोंदले जातात, खुद्द माथाडी नेतेही या बनावट माथाडींवर कारवाई मागतात. ज्याने आयुष्यात पोते उचलले नाही त्याने हा शब्द धमकीसारखा वापरावा, ही मला खऱ्या माथाडीची चोरी वाटते. त्याच्या मणक्याने कमावलेले नाव दुसरा वटवतो.

पण या चोरीवरचा उपाय शब्दच अरुंद करणे हा नव्हे. २०२३ मध्ये मांडलेल्या दुरुस्ती विधेयकाने, म्हणजे विधेयक क्रमांक ३४ ने, हा वाद उघड्यावर आणला. अंगमेहनतीचे काम कशाला म्हणायचे, यंत्राची मदत घेतली तर तो कामगार या कायद्याबाहेर जातो का, असा प्रश्न उभा राहिला. बाबा आढाव आणि माथाडी संघटना या विधेयकाविरुद्ध उभ्या राहिल्या. कायद्याचा निर्णय कायदेमंडळाने करावा. माझा मुद्दा भाषेचा आहे. माथा आहे म्हणून डोक्यावरच घेतले पाहिजे, असा अर्थ लावायचा असेल तर तीळ सोडून दुसऱ्या कशाच्या रसाला ‘तेल’ म्हणता येणार नाही, कारण तेल हा शब्द तिळावरून आला. ‘शाई’ फारसी ‘सियाही’वरून आली, सियाह म्हणजे काळा, मग मास्तरांची लाल शाई कुठे ठेवायची? शब्द कुठून निघाला यावरून तो आज कुठे राहतो हे ठरत नाही. ट्रॉली ढकलणारा, पट्ट्यावर गोणी लावणारा, हातगाडी ओढणारा माणूस आपले अंगच वापरतो. ओझे माथ्यावरून उतरले याचा आनंद व्हायला हवा, त्याबद्दल त्याची नोंद काढून घेऊ नये.

हा प्रश्न नवी मुंबईला सर्वांत जवळचा आहे. शहराच्या एका टोकाला तुर्भ्याचा बाजार आहे आणि दुसऱ्या टोकाला, उरणकडे, १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर. तिथे माल कंटेनरमध्ये येतो आणि क्रेनने उतरतो. मधल्या पट्ट्यात, पनवेलपासून भिवंडीपर्यंत, मोठमोठी गोदामे आहेत. ऑनलाइन मागवलेला आपला मिक्सर, पुस्तके, तांदळाची पिशवी तिथून निघते. तो माल उचलणाऱ्या मुलांना लोडर म्हणतात, हेल्पर म्हणतात, कधी असोसिएट म्हणतात. घरी खोका आणणारा डिलिव्हरी बॉय असतो, मग तो ४५ वर्षांचा का असेना. ही माणसे हेलकऱ्यांचीच वंशज आहेत. त्यांची नेमणूक ठेकेदार करतो, त्यांचा खरा मालक कोण हे त्यांनाही सांगता येत नाही, आणि १९६९ पूर्वीच्या मशीद बंदरात माथाडी जिथे उभा होता तिथेच ती आज उभी आहेत. त्यांना चकचकीत नाव आहे, पण ते कोणत्याही नोंदवहीत नाही.

बाजारातसुद्धा सगळे ओझेवाले बिल्ल्याचे नाहीत. टोळीत नाव नसलेला, रोजच्या रोज मिळेल ते उचलणारा, उत्तरेकडून आलेला तरुण आणि मंडळाचा माथाडी एकाच गाळ्यापुढे उभे असतात. दोघांच्या पाठीवर सारखीच गोणी असते. एकाला माथाडी म्हणतात, दुसऱ्याला म्हणत नाहीत. शब्दाचा आजचा अर्थ काय, हे या दोघांना शेजारी उभे करून जितके नेमके कळते तितके कोणत्याही व्युत्पत्तीने कळत नाही.

म्हणून कोशकारांना एक विनंती. मराठीचे नवे कोश, छापील असोत वा संगणकावरचे, ‘माथाडी’ या नोंदीत ‘डोक्यावरून ओझे वाहणारा मजूर’ एवढे लिहून थांबू नयेत. त्याखाली दुसरा अर्थ द्यावा: ‘१९६९ च्या अधिनियमाखालील मंडळाकडे नोंद असलेला, चढ-उतार, वाहतूक, तोलाई, मापाई किंवा तत्सम काम करणारा स्त्री वा पुरुष कामगार’. आणि ‘हमाली’च्या नोंदीत ‘श्रेयहीन कष्ट’ हा अर्थ द्यायचाच असेल, तर ‘हमालाची मजुरी’ हा अर्थ त्याच्या आधी, पहिल्या क्रमांकावर ठेवावा.